स्वान : मांडवीच्या मुखाशी लाटांचं गणित मांडताना इनपुट फाइल कुठे फसते

नेदरलँड्सच्या डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठाचं 'स्वान' हे किनाऱ्याजवळच्या लाटांचं गणित करणारं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, जीएनयू परवान्याखाली सोर्स कोडसकट मिळतं, आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. ताळगावच्या विद्यापीठात किंवा फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात कुणी किनाऱ्यावरचा प्रकल्प हाती घेत असेल, तर त्याला हे डोळे झाकून सुचवावं. इनपुट फाइल लिहिताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. स्वानचा सगळ्यात मोठा गुण आणि सगळ्यात मोठा दोष एकाच ठिकाणी आहे: तुम्ही दिलेलं ग्रिड, म्हणजे समुद्रावर आखलेली खान्यांची जाळी, तो मुकाट्याने स्वीकारतो. आकडा चुकीचा पण शक्यतेच्या कक्षेतला असेल, तर तक्रार न करता तो शेवटपर्यंत गणित करतो आणि सुंदर, गुळगुळीत, चुकीचा नकाशा हातात देतो.

खिडक्या, बटणं, मेनू असलं काही इथे नाही. एक मजकुराची फाइल, तिच्यात एकाखाली एक आदेश, आणि शेवटी 'कम्प्यूट' व 'स्टॉप'. ही साधी रचना आम्हाला पसंत आहे. सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी काय केलं होतं ते ओळीओळीत दिसतं, डॉलरचं चिन्ह टाकून शेजारी टिपण ठेवता येतं, लांब ओळ '&' देऊन पुढे नेता येते. (आदेशांची नावं या लेखात उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलीत ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची.) मॅन्युअल उत्तम आहे. प्रत्येक आदेशाच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ, एकक आणि न दिल्यास धरली जाणारी किंमत त्यात आहे. ते बाजूला उघडं ठेवल्याशिवाय एकही ओळ लिहू नये.

पहिली अडचण दिशेची. 'सेट नॉटिकल' लिहिलं नाही तर स्वान कार्टेशियन पद्धत धरतो, म्हणजे लाट कुठे जाते ती दिशा, पूर्वेपासून घड्याळाच्या उलट मोजलेली. आपण मात्र लाट कुठून येते ते उत्तरेपासून घड्याळाप्रमाणे सांगतो. पावसाळ्यात गोव्याला लाटा साधारण पश्चिम-नैऋत्येकडून येतात, म्हणून माणूस २५० अंश लिहितो. कार्टेशियनमध्ये त्याच २५० चा अर्थ होतो दक्षिण-नैऋत्येकडे जाणारी लाट. ती मिरामारला पोचतच नाही. निकालात किनाऱ्यावर लाटा जवळजवळ शून्य दिसल्या की बिचारा विद्यार्थी तळाच्या घर्षणात चूक शोधत बसतो, आणि कारण असतं गाळलेला एक शब्द.

निर्देशांकांसाठी छोट्या क्षेत्राला यूटीएम, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारी नकाशाची पद्धत, बरी. गोवा विभाग ४३ उत्तरमध्ये येतो. मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व, आणि आपण त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे ईस्टिंग (पूर्व-पश्चिम निर्देशांक) पाच लाखांपेक्षा कमीच यायला हवं. आग्वादच्या टोकाजवळ ते सुमारे ३,६८,००० आणि नॉर्दिंग (दक्षिणोत्तर निर्देशांक) सुमारे १७,१३,००० येतं. पाच लाखांच्या वरचा आकडा दिसला तर विभाग चुकलाय, पुढे जाऊ नका.

आता खरं काम, 'सीग्रिड'. नियमित ग्रिडसाठी इथे डाव्या-खालच्या कोपऱ्याचे निर्देशांक, ग्रिडचा तिरकसपणा, लांबी, रुंदी आणि खान्यांची संख्या द्यायची. खान्यांची, बिंदूंची नव्हे. हा एकाचा फरक सगळ्यांना एकदा तरी चावतो. उदाहरण घेऊ. उगम ३,२०,००० आणि १६,६०,०००, पूर्वेकडे ६५ किलोमीटर, उत्तरेकडे ९० किलोमीटर, खाना २५० मीटरचा. मग खाने २६० आणि ३६०, बिंदू २६१ गुणिले ३६१ म्हणजे ९४,२२१. घाईत २६१ आणि ३६१ लिहिलं तर स्वान ओरडणार नाही. खाना २४९ मीटर आणि काही सेंटिमीटरचा होईल, निकाल तळाच्या ग्रिडवर बरोबर बसणार नाहीत, आणि नंतर दोन नकाशांची वजाबाकी करताना किनाऱ्यालगत विचित्र पट्टे दिसतील.

याच आदेशात दिशा आणि फ्रिक्वेन्सीचं ग्रिडही येतं, आणि त्याकडे नकाशावरच्या ग्रिडच्या निम्मंही लक्ष कुणी देत नाही. स्थानिक वाऱ्याच्या लाटांना १० अंशांचा कप्पा चालतो. लांबून येणाऱ्या स्वेलला २ ते ५ अंश हवेत. गोव्याला दक्षिण महासागरातून निघालेली स्वेल वर्षभर येते, म्हणून ३६ कप्प्यांवर न थांबता ७२ घ्या, म्हणजे कप्पा ५ अंशांचा होतो. सर्वांत खालची फ्रिक्वेन्सी ०.०४ हर्ट्झ, म्हणजे २५ सेकंदांची लाट. इथे ०.०७ किंवा ०.०८ ठेवून वेळ वाचवणारे खूप आहेत. पण केरळात जिला कळ्ळकडल म्हणतात, तसली १५ सेकंदांच्या वरची लाट मग फाइलीबाहेरच राहते. वरची मर्यादा १ हर्ट्झ. लागोपाठच्या दोन फ्रिक्वेन्सींचं गुणोत्तर १.१ च्या आसपास हवं, कारण चार लाटांमधल्या ऊर्जेच्या देवाणघेवाणीचं स्वानमधलं सूत्र त्याच गुणोत्तरावर बेतलेलं आहे. हिशेब सोपा: २५ चा लॉगॅरिदम भागिले १.१ चा लॉगॅरिदम, उत्तर ३३.८, म्हणून ३४ कप्पे, फ्रिक्वेन्सी ३५. हा आकडा न देता दोन टोकंच दिली तर स्वान स्वतः गुणोत्तर सांभाळून संख्या काढतो, आणि नवख्यासाठी तेच बरं.

ही उदारता स्मृतीत मोजावी लागते. ९४,२२१ बिंदू गुणिले ३५ गुणिले ७२ म्हणजे सुमारे २३ कोटी ७४ लाख आकडे. दर आकड्याला चार बाइट धरले तर एकट्या स्पेक्ट्रमला (कुठल्या दिशेच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या लाटेत किती ऊर्जा, त्या तक्त्याला) ९५० एमबीच्या आसपास लागतात. आठ जीबीच्या लॅपटॉपवर हे बसतं. पण तेच क्षेत्र ५० मीटरच्या खान्याने भरायला गेलात तर पंचवीस पट. म्हणून बाहेर जाड ग्रिड आणि मुखापाशी बारीक ग्रिड, असं नेस्टिंग करायचं. जाड फाइलीत 'एनग्रिड' आणि 'नेस्टआउट', बारीक फाइलीत 'बाउंडनेस्ट-वन'. आग्वाद, काबो आणि मिरामार पोटात घेणारा १५ गुणिले १२ किलोमीटरचा तुकडा ५० मीटरने केला तर खाने ३०० आणि २४० होतात.

तळाची खोली हा सगळ्यात जास्त चुका होणारा भाग आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

स्वानला खोली खाली धन लागते. गेब्को या मोफत जागतिक नकाशात समुद्र ऋण आणि जमीन धन असते. 'रीडइन्प' आदेशातला पहिला आकडा गुणक असतो, तिथे उणे १ द्या, फाइल बदलायची गरज नाही. विसरलात तर मांडवी कोरडी पडते आणि सह्याद्री समुद्राच्या तळाशी जातो. ही चूक निदान लगेच दिसते. तिची बहीण मात्र लपते. फाइलीत रिकाम्या जागी उणे ९९९९ असेल आणि गुणक उणे १ असेल, तर 'एक्सेप्शन'ची (गाळायच्या आकड्याची) किंमत गुणकाने गुणून द्यायची, म्हणजे अधिक ९९९९. इथे उणे ९९९९ तसंच ठेवलं तर त्या रिकाम्या जागा जवळजवळ दहा किलोमीटर खोल समुद्र म्हणून गणितात शिरतात.

मग ओळींचा क्रम. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधून ईएसआरआय आस्की या मजकुरी स्वरूपात काढलेली फाइल उत्तरेकडच्या ओळीने सुरू होते आणि वर सहा ओळींचं शीर्षक असतं. तिच्यासाठी 'आयडीएलए' (ओळींचा क्रम सांगणारा आकडा) १ आणि शीर्षकाच्या ओळी ६. गेब्कोची नेटसीडीएफ फाइल पायथॉनने वाचून तशीच लिहिली तर ती दक्षिणेकडून सुरू होते, तिला आयडीएलए ३. उलटं झालं की पेडण्याच्या जागी काणकोण येतं. आणखी एक बारीक गोष्ट: आस्की फाइलीतला कोपरा हा खान्याचा कोपरा असतो, तर स्वानला बिंदूचे निर्देशांक हवे असतात. म्हणून तळाचं ग्रिड सांगणाऱ्या 'आयएनपीग्रिड' आदेशात अर्धा खाना मिळवून उगम द्या, आणि स्तंभांच्या संख्येतून एक वजा करा. गेब्कोचा खाना १५ सेकंदांचा, म्हणजे आपल्याकडे सुमारे ४५० मीटर. अर्धा खाना चुकला तर सव्वादोनशे मीटर सरकलात.

या ४५० मीटरमध्ये आग्वादचा रेतीचा उंचवटा दिसत नाही. मांडवीच्या मुखाशी पावसाळ्यात जलवाहतूक अडते ती ज्या रेतीमुळे, तीच नकाशात नसेल तर लाट कुठे फुटते हे मॉडेल कसं सांगणार? मुखासाठी नौदलाच्या जलसर्वेक्षण विभागाचा चार्ट अंकरूपात उतरवावा लागतो किंवा प्रत्यक्ष सर्वेक्षण मिळवावं लागतं. शिवाय संगणनाचं ग्रिड तळाच्या ग्रिडपेक्षा जाड असेल तर स्वान फक्त आपल्या बिंदूंवरची खोली उचलतो, मधला उंचवटा हरवतो. बारीक तळ देऊन जाड ग्रिडवर गणित केलं की सर्वेक्षणाचे पैसे वाया. आणि तळाची फाइल ग्रिडच्या कडेपर्यंत पोचत नसेल, तर स्वान जवळच्या कडेची खोलीच पुढे पसरवतो. तक्रार इथेही नाही.

चार्टवरची खोली चार्ट डेटमपासून, म्हणजे नीच ओहोटीजवळच्या शून्यापासून, मोजलेली असते, गेब्कोची साधारण सरासरी समुद्रपातळीपासून. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक सुमारे २.३ मीटर आणि भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला) एक मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे या दोन शून्यांमध्ये मीटरभराहून जास्त अंतर पडतं. खोल पाण्यात त्याने बिघडत नाही. पण उंचवट्यावर ३ मीटर पाणी असेल तर फुटण्याचा नेहमीचा ०.७३ हा गुणांक एकेरी लाटेची कमाल उंची २.२ मीटर ठरवतो, आणि ४.२ मीटर पाण्यात तीच ३ मीटरच्या वर जाते. दोन्ही स्रोत एका शून्यावर आणल्याशिवाय एकमेकांना जोडू नका. त्यानंतर भरतीसाठी तळाला हात लावायचा नाही, 'सेट लेव्हल'ला पाण्याची पातळी द्यायची. भांग, उधाणाची भरती आणि उधाणाची ओहोटी अशा तीन फाइली ठेवल्या तर मुखाचं चित्र बऱ्यापैकी उमगतं.

काहीही चालवण्यापूर्वी 'ब्लॉक' आदेशाने खोलीचाच नकाशा बाहेर काढा आणि चार्टशेजारी ठेवून बघा. वरच्या जवळपास सगळ्या चुका त्या एका चित्रात पकडल्या जातात.

सीमेवरच्या लाटा. सवयीने फक्त पश्चिम बाजूला लाटा दिल्या जातात. वरच्या ग्रिडमध्ये त्याने काय होतं ते मोजून पाहू. २५० अंशांवरून आलेली लाट ७० अंशांकडे जाते, म्हणजे पूर्वेपासून २० अंश उत्तरेला. लाट न दिलेल्या बाजूंच्या कोपऱ्यांपासून एक खोटी सावली आत सरकते, आणि मॅन्युअल तिचा कोन मुख्य दिशेच्या दोन्ही अंगांना ३० ते ४५ अंश सांगतं. ३५ धरा. नैऋत्य कोपऱ्यातून सावलीची कड ५५ अंशांनी वर चढते. आग्वाद सीमेपासून ४८ किलोमीटर पूर्वेला आहे, तेवढ्या अंतरात सावली ६८ किलोमीटर उत्तरेला पोचते. आग्वाद दक्षिण सीमेपासून फक्त ५३ किलोमीटरवर आहे. म्हणजे ९० किलोमीटरचं ऐसपैस ग्रिड घेऊनही आपलं मुख सावलीत सापडलं! वायव्य कोपऱ्याकडून मात्र धोका नाही, तिथली सावली १३ किलोमीटरच खाली येते. उपाय एकच: दक्षिण बाजूलाही लाटा द्या, आणि तिथे पाणी किनाऱ्याकडे उथळ होत जातं म्हणून 'कॉन्स्टंट' न देता 'व्हेरिएबल' वापरून लाटेची उंची किनाऱ्याकडे कमी करत न्या. दिलेली आणि गणितात आलेली उंची सीमेवर दहा टक्क्यांहून जास्त वेगळी पडली तर स्वान सूचना छापतो. ही त्याची फार मोलाची सूचना आहे, वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लाटेचा दिशांमधला पसारा देताना 'डिग्रीज' आणि 'पॉवर' यांतला फरक जपा. काही न लिहिल्यास पॉवर धरलं जातं. मनात ३० अंश ठेवून ३० लिहिलं की तो कोसाइनचा तिसावा घात होतो, म्हणजे प्रत्यक्षात पसारा जेमतेम १० अंश. वाऱ्याच्या लाटा मग स्वेलसारख्या अरुंद होतात.

नोव्हेंबर ते मार्चमध्ये एका जॉनस्वॅप, म्हणजे एकाच शिखराच्या ठरीव आकाराच्या, स्पेक्ट्रमवर भागत नाही. त्या दिवसांत नैऋत्येकडून लांब स्वेल असते, अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठलेली आखूड स्वेल वायव्येकडून येते, आणि दुपारी खाऱ्या वाऱ्याच्या लाटा वर चढतात. तीन दिशांची सरासरी काढून एक लाट दिली तर अशी लाट तयार होते जी समुद्रात मुळी नसतेच. तेव्हा पूर्ण दोन-मितीय स्पेक्ट्रमची फाइल सीमेवर द्या. पावसाळ्यात मात्र 'टीपार' फाइल पुरते: वेळ, उंची, आवर्तकाल, दिशा, पसारा, ओळीमागून ओळ.

वारा ईआरए५ या जागतिक हवामानाच्या आकडेसंचातून घेतला तर पाव अंशाचा खाना मिळतो, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर. मान्सूनच्या रुंद वाऱ्याला तो चालतो, किनाऱ्यावरचा खारा वारा त्यात नीट उतरत नाही. फाइलीत आधी सगळे पूर्व-घटक आणि मग सगळे उत्तर-घटक असा क्रम हवा, बिंदूबिंदूला जोडीने नाही.

भौतिकीबद्दल थोडक्यात. वाऱ्याने लाट वाढण्याचं तिसऱ्या पिढीचं कुठलं सूत्र वापरताय ते नावानिशी लिहा, कारण गृहीत किमती आवृत्तीनुसार बदलत आल्या आहेत. तळाच्या घर्षणाला जॉनस्वॅप सूत्राचा गुणांक ०.०३८, तोही लिहूनच द्या. 'ट्रायड' (तीन लाटांमधली ऊर्जेची देवाणघेवाण) उथळ पाण्यासाठी चालू ठेवा. ओहोटीचा प्रवाह मांडवीतून बाहेर येताना समोरून आलेल्या लाटेला उंच आणि उभी करतो, त्यामुळे मुखाचा प्रश्न असेल तर प्रवाहाचं ग्रिड दिल्याशिवाय निकालावर विसंबू नये.

स्थिर गणित की काळानुसार बदलणारं? १२ सेकंदांच्या लाटेची ऊर्जा खोल पाण्यात सेकंदाला ९.४ मीटर चालते, ५० किलोमीटरला दीड तास. सीमेवरच्या लाटा दीड तासात फारशा बदलत नसतील तर स्थिर पुरतं. वादळ असेल तर नाही, आणि मग पायरी १० मिनिटांच्या वर नेऊ नका.

चालवून झाल्यावर 'नॉर्म-एंड' नावाची फाइल तयार झाली म्हणजे स्वान न कोसळता संपला, एवढंच. उत्तर स्थिरावलं का, ते प्रिंट फाइलीत प्रत्येक फेरीपुढे टक्क्यांत असतं: ओल्या बिंदूंपैकी किती टक्के समाधानकारक, आणि ९९.५ टक्के हवेत. पन्नास फेऱ्या संपल्या आणि टक्का ९७ वरच अडकला, तरी निकालाच्या फाइली नेहमीसारख्याच तयार होतात. फेऱ्या वाढवण्याआधी कुठले बिंदू अडलेत ते बघा, बहुतेकदा ते तळात अचानक उडी असलेल्या ठिकाणी सापडतात. निकालात उंची उणे ९ दिसली तर ती कोरड्या जागेची खूण आहे, सरासरी काढताना गाळा. चूक असूनही गणित पुढे रेटण्यासाठी 'मॅक्सएर' (किती गंभीर चूक चालवून घ्यायची ती मर्यादा) वाढवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

मुखाची वेडीवाकडी किनाररेषा, कुंभारजुव्याचा अरुंद कालवा, बेटं, हे सगळं एकाच ग्रिडमध्ये हवं असेल तर त्रिकोणी ग्रिड वापरा, नेस्टिंगची कटकट सुटते. अट एवढीच की आतल्या कुठल्याही बिंदूभोवती ४ ते १० त्रिकोण असावेत आणि कुठलाही कोन १४३ अंशांच्या वर नसावा. हे मात्र स्वान स्वतः तपासतो.

मुरगाव बंदराच्या लाटरोधकाआड बोट शांत राहील का, या प्रश्नाला स्वान हे चुकीचं साधन. त्यात विवर्तनाचा, म्हणजे अडथळ्याआड लाट वळण्याचा, आदेश आहे, पण तो अंदाजी, आणि त्याला खाना तरंगलांबीच्या पाचव्या ते दहाव्या हिश्शाचा लागतो. १० मीटर पाण्यात १२ सेकंदांची लाट सुमारे ११३ मीटर लांब, म्हणजे खाना ११ ते २२ मीटरचा. एवढं करूनही परावर्तित लाटांची गुंतागुंत नीट हाती लागत नाही. तिथे लाटेची एकेक कला (फेज) सांभाळणारं दुसरं मॉडेलच घ्यावं.

आणखी एक मर्यादा गोव्यात विशेष जाणवते. स्वानचा तळ हलत नाही, आग्वादची रेती हलते. मे महिन्याचा तळ घालून ऑगस्टची लाट काढणं म्हणजे ज्या उंचवट्यावर लाट फुटायची तोच नसलेल्या जागेचं गणित. तळाच्या निदान दोन फाइली ठेवा, एक पावसाळ्याआधीची आणि एक पावसाळ्यानंतर सर्वेक्षण झाल्यावरची, आणि फाइलीच्या नावातच सर्वेक्षणाची तारीख घाला.